शिदूच्या टाकीचे झाकण

सोमाटणे फाट्यावरच्या नथूच्या गॅरेजला कधी पाटी लागली नाही, कारण तिची गरजच पडली नाही. गाडी रस्त्यावरून आत वळत असतानाच आवाजावरून तिचे दुखणे सांगणारा मेकॅनिक, ही त्याची ख्याती पवन मावळातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली होती. गिऱ्हाईक स्टँड लावायच्या आत तो म्हणे, "टॅपेट ढिलं झालंय," आणि तीस वर्षांत हे निदान क्वचितच चुकले. म्हणूनच गेल्या दोन वर्षांत एकेक बारीक आवाज त्याच्या कानांतून गळून गेला, तेव्हा त्याने ते कोणालाही सांगितले नाही. माणसांचे बोलणे ऐकू येई. इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक येत नसे. मग गिऱ्हाईक तक्रार सांगेपर्यंत तो फडक्याने हात पुसत राही, आणि त्या तक्रारीवरून बांधलेला अंदाज कानाने टिपल्यासारखा सांगे.

थोरल्या मुलाने, निलेशने, गॅरेजच्या गाळ्यासाठी मोबाइलचे दुकान टाकणारा एक भाडेकरू आणला होता. दिवाळीच्या पाडव्याला त्याला उत्तर द्यायचे होते. नथूने मनाशी एक ठरवले होते आणि तेही कोणाला सांगितले नव्हते. शिदूची गाडी दुरुस्त झाली तर नकार कळवायचा. नाही झाली, तर पाने-हत्यारे गोणीत भरायची आणि गाळ्याची किल्ली देऊन टाकायची.

शिदू धरणामागच्या डोंगरातल्या ठाकरवाडीचा. मध काढायचा आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याला नेऊन पर्यटकांना विकायचा, हा त्याचा उद्योग. तीस वर्षांपूर्वीची ती शंभर सीसीची मोटारसायकल त्याच्याकडे तिसऱ्या हाताने आली होती. आषाढात तिच्या टाकीत पावसाचे पाणी शिरले होते. नथूने टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला आणि शिदूला दम भरला, "परत पाण्याचा एक थेंब आत गेला, तर गाडी हितं आणायची न्हाई." पाणी पुन्हा शिरले नाही. मात्र तेव्हापासून गाडी पाच-सहा किलोमीटर नीट धावे, मग आचके देई आणि बंद पडे. तीन वेळा ती गॅरेजात आली. तिन्ही वेळा नथूने टाकीचे झाकण उघडून पेट्रोल पाहिले, प्लग बदलला, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ केले, आणि तिन्ही वेळा गाडी त्याच्यासमोर पहिल्या किकला सुरू झाली.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना शिदू चौथ्यांदा आला. "भाऊ, तुमच्या दारात ती लय गुणाची हाय. चढाला लागली की नाटकं करती."

"आन् परत चालू कशी व्हती?"

"टाकी उघडून आत बघायचं. जरा दम खायचा. मारली किक की चालू. दर्शन दिल्याबिगर हालत न्हाई बाई."

नथू हसला नाही. त्या दिवशी त्याच्या मुलीची, प्रेरणाची, साप्ताहिक सुट्टी होती. नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात ती तयार मालाची तपासणी करी. गॅरेजात डबा घेऊन आलेली प्रेरणा हे सारे ऐकत होती.

"बाबा, तुम्ही तिला दर वेळी बरी असताना बघताय," ती म्हणाली. "आजारी असताना एकदा तरी बघा ना."

"म्हंजे काय, आता तिच्या मागं मागं फिरू?"

"हो. पुढं तुम्ही आणि शिदूकाका, मागं मी स्कूटर घेऊन येते."

शिदूने पंपावर टाकी काठोकाठ भरून आणली, झाकणाची किल्ली फिरवून पक्की केली आणि तिघे निघाले. नथू गाडी चालवत होता. शिरगाव मागे पडले, भाताची कापणी चाललेली खाचरे दोन्ही बाजूंनी सरकू लागली. इंजिनाचा धडधडाट त्याला तळव्यांतून आणि मांड्यांतून कळत होता. कानांकडे लक्ष द्यायचे नाही असे ठरवल्यावर हाताला किती कळते, याचे त्याला नवल वाटले. चांदखेडच्या अलीकडे ती धडधड विरळ झाली. दोन आचके बसले आणि गाडी कडेच्या बाभळीखाली उभी राहिली.

शिदू चटकन उतरला आणि सवयीने त्याचा हात किल्लीकडे गेला.

"काका, थांबा! काही उघडू नका," प्रेरणा मागून ओरडली. "आमच्याकडं लाइन थांबली की आधी कोणी हात लावत नाही. जशी थांबली तशी बघायची."

"कारखान्याची बाय आली रं," शिदू पुटपुटला, पण हात मागे घेतला.

नथू उकिडवा बसला. रोज तो झाकण उघडून वरून खाली तपासत येई. आज झाकण बंद ठेवायचे म्हटल्यावर त्याला खालून वर जावे लागले. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू त्याने सैल केला. तिथल्या वाटीत चमचाभर तरी पेट्रोल साठलेले असते. आता थेंबही पडला नाही. म्हणजे कार्बोरेटर उपाशी होता. त्याने वरची रबरी नळी सोडवली. टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, उघडाच होता, तरी दोन थेंब आले आणि तिसरा तोंडाशीच लोंबकळत राहिला. नथूने टाकीवर बुक्की मारली. ती भरलेली होती.

"वर भरलंय, खाली येत न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "कचरा असता तर मगाशी बी आलं नसतं."

त्याने डावा हात नळीच्या तोंडाखाली धरला आणि उजव्या हाताने किल्ली फिरवली. झाकण सहज उचलले गेले नाही. आतून कोणी धरून ठेवल्यासारखे ते चिकटले होते. त्याने जोर लावला, तशी त्याच्या बोटांच्या फटींतून वाऱ्याची थंड झुळूक आत शिरली, आणि त्याच क्षणी डाव्या तळहातावर पेट्रोलची धार कोसळली. नथूने लगबगीने कॉक बंद केला.

"बाबा, आवाज झाला! स्स् करून," प्रेरणा म्हणाली.

"ती दर येळी सुस्कारा टाकती," शिदू म्हणाला. "तुमच्या गॅरेजात बी टाकायची. मला वाटायचं तुमाला ठावं असंल."

नथूने ओला हात पँटला पुसला. तिन्ही वेळा तो सुस्कारा त्याच्या पुढ्यात झाला होता.

"मला न्हाई ऐकू येत," तो म्हणाला. "बारीक आवाज न्हाईच येत. दोन वर्सं झाली."

मग प्रेरणा म्हणाली, "आईला माहितीये. कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, तेव्हाच ओळखलं तिनं."

"मंग बोलली का न्हाई?"

"तुम्ही सांगायची वाट बघत होती."

नथूने झाकण उलटे केले. पेट्रोल जेवढे खाली उतरते तेवढी हवा आत यावी, म्हणून झाकणाला सुईएवढे भोक असते. तिथे त्याचे नख रुतले. नखाखाली पिवळसर, चिवट काहीतरी निघाले. त्याने वास घेतला. पेट्रोलच्या वासामागे मधाचा वास होता.

"शिदू, ह्ये काय?"

"आग्या मोहळाचं मेण. तुमीच म्हनला व्हता, थेंब जाता कामा न्हाई. चांगलं कढवून, गाळून भोकात भरलं."

"अरं, थेंब न्हाई म्हनलो, वारा न्हाई असं कुटं म्हनलो?"

"मेनाला त्यातला फरक कळत न्हाई भाऊ," शिदू गंभीरपणे म्हणाला, आणि आता मात्र नथूला हसू आवरेना. दर वेळी गॅरेजात गाडी आली की तपासायच्या नावाखाली आपणच आधी तिला मोकळा श्वास देत होतो, आणि मग कानांना दोष देत रात्र काढत होतो, हे आठवून तो आणखी हसला. हत्यारांच्या पिशवीतल्या बारीक तारेने त्याने भोक मोकळे केले. पावसाळ्यासाठी झाकणावर जुन्या ट्यूबच्या रबराचे छप्पर करून देईन, पण खालून फट ठेवून, असे त्याने शिदूला बजावले. मग नळी जोडली, कॉक उघडला आणि किक मारली. धरणाच्या भिंतीपर्यंत आणि तिथून डोंगराच्या चढावर गाडी कुठेही अडखळली नाही.

पाडव्याच्या सकाळी निलेशने भाडेकरूचा विषय काढला, तेव्हा नथू गॅरेजातच होता. "त्याला म्हनावं, दुसरा गाळा बघ," त्याने सांगितले आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सुदुंबऱ्याचा तो जाडजूड माणूस जुनी बुलेट घेऊन आला होता आणि नथूने ऐकून निदान सांगावे म्हणून नेहमीप्रमाणे गप्प उभा होता.

"मला बारीक ऐकू येत न्हाई," नथू त्याला म्हणाला आणि इंजिनावर तळहात टेकवला. "आवाज कसा येतोय, जरा तोंडानं करून दाखव."

तो माणूस आधी लाजला. मग त्याने इकडेतिकडे पाहिले, गाल फुगवले आणि फाट्यावरचे चार लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने सुरू केले.