खवले नसलेला ड्रॅगन

सोनम रांजणगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी बसथांब्यावर धुळीपायी सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभ्या असायच्या, तेवढा वेळ तिला बरं वाटायचं. बस आली की बाकीच्या स्कार्फ सोडायच्या. सोनम सोडायची नाही. लहानपणी बंबातलं कढत पाणी अंगावर सांडलं होतं. डाव्या गालापासून गळ्यापर्यंतची कातडी चकाकती आणि वळ्यावळ्यांची झाली होती. शाळेत पोरं तिला सरडा म्हणायची.

मोबाइलवरच्या गेममध्ये मात्र ती टीमची म्होरकी होती. तिथं तिचा फक्त आवाज असायचा. सणसवाडीचा पप्पू आणि दौंडचा जालिंदर त्या आवाजाच्या मागं निमूट लढायचे.

"ताई, शिरूरला भेटू की एखाद्या गुरुवारी. सुट्टीच अस्ती सगळ्यांला," पप्पू पिच्छा पुरवायचा.

"ड्रॅगन येऊ दे, मग भेटू."

गेममध्ये ड्रॅगनची नवी जमात येणार, खेळणाऱ्याला आपलं पात्र त्यातलं घेता येणार, असं दोन वर्षांपासून गाजत होतं. सोनमनं मनात ठरवून टाकलं होतं. आधी खवल्यांच्या गालाची, रुंद जबड्याची बाई पडद्यावर उतरवायची. पोरांची नजर तिला सरावू द्यायची. मग आपलं तोंड दाखवायचं.

एका बुधवारी ड्रॅगन आला. घरी येताना तिनं बसमध्येच फोन उघडला. पुरुष ड्रॅगन कसा पायजे तसा होता, नाकापासून शेपटापर्यंत खडबडीत. बाई मात्र गोरीपान, गुळगुळीत. कपाळावर दोन शिंगं, हेअरबँडला चिकटवल्यासारखी. सोनमनं सगळे पर्याय उलटेपालटे करून पाहिले. रंग बदलत होता, केस बदलत होते. खवले खांद्यावरच, तेही टिकल्यांसारखे. गालावर एकही नाही.

"तोंड का उतरलंय गं? कुणी काय बोललं का?" घरी आल्या आल्या तानुबाईनं विचारलं.

"न्हाई गं आई. ड्रॅगन आला." तिनं फोन पुढं केला.

तानुबाईनं डोळे बारीक केले. "आगं, ही तर हळदीची नवरी हाय. ह्यात जनावर कुठंय?"

सोनमला हसू आलं नाही.

तेवढ्यात फोनमधून पप्पूचा आवाज आला, "ताईऽऽ! आला तुझा ड्रॅगन! आता शब्द फिरवायचा न्हाई हां. जालिंदरभाऊ आत्तापास्नंच गाडी पुसायला लागल्यात!"

दुसऱ्या दिवशी ती शिरूरला गेली. स्टँडजवळच्या रसवंतीत दोघं बसले होते. आवाजावरून ओळख पटली. चरकाचे घुंगरू वाजत होते. तीन ग्लास समोर आले. दोन रिकामे झाले, तिसरा तसाच राहिला.

"ताई, पी की. बर्फ इरघळला सगळा. का उपास धरलाय?"

सोनमनं मानेमागची गाठ सोडली.

पप्पूनं रिकामाच ग्लास पुन्हा तोंडाला लावला. जालिंदरनं आधी खाली पाहिलं, मग मान वर करून नीट तिच्याकडं पाहिलं.

"दुखतं का ओ, ताई?"

आजवर सगळ्यांनी कसं झालं, एवढंच विचारलं होतं.

"न्हाई. घाम येत न्हाई तिथं. उन्हात खाजतं."

"मंग एवढं गुंडाळतीस कशाला? आणखीन उकडत असंल," पप्पू बोलून गेला आणि ओशाळला.

सोनम ग्लासाकडं बघत राहिली. "त्यो ड्रॅगन बघितलात ना? मला वाटलं व्हतं, तिच्या गालावर तरी आसंल. आधी ती दाखवली आसती तुमाला."

चरकात नवा ऊस गेला.

"भाऊ, ताईच्या ग्लासात बर्फ टाका जरा," जालिंदरनं रसवाल्याला हाक मारली.

सोनमनं दोन्ही हातांनी ग्लास उचलला. रस संपला तरी स्कार्फ मांडीवरच होता. रस्त्यावरनं येणारं ऊन गालावर पडलं होतं, आणि गाल खाजायला लागला होता.