दारापुढचं कोलम

बायको होती तोवर आमच्या दारापुढच्या फुटपाथवर एकही मोटारसायकल उभी राहिली नाही. ती पहाटे सडा घालून तिथं तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायची, आणि कोलमवर चाक घालायचा इथं कुणाला धीर होत नाही. ती गेली, मरण झालेल्या घराच्या रीतीनं वर्षभर कोलम बंद झालं, आणि तिथं गाड्या लागल्या. मला काठी टेकत भर रस्त्यातून, बसच्या कडेनं जावं लागे. रोज शिव्या घालायचो. गाड्या काही हलल्या नाहीत.

दाराशेजारी बसणारी फुलवाली मला ताता, म्हणजे आजोबा म्हणते. ती एकदा वैतागून म्हणाली, "ताता, ओरडून काय होतंय? वर्ष सरलं. कोलम काढा."

"मी? बाप्यानं कधी कोलम काढलंय?"

"मग मरा बसखाली!"

दुसऱ्या पहाटे पीठ घेऊन बसलो. फुलवाली पोट धरून हसली, "हे काय, गांडूळ?" मग तिनंच ठिपके मांडले, मी जोडले. गाडीवाला आला, थबकला, गाडी ढकलत पुढं निघून गेला.

आता शाळेची पोरं, फुलवाली, मी, सगळे त्या फुटपाथवर मावतो. रेघ अजून वाकडीच येते. बायकोनं बघितलं असतं तर पाणी ओतून पुसलं असतं. असू दे, उद्या परत काढेन.