ऊन पडेपर्यंतचा करारनामा

तालुक्याच्या कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वळचणीला टेबल टाकून मी गेली कित्येक वर्षे अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रे व करारनामे लिहीत आलो आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, याचा उल्लेख काही मंडळी आवर्जून करतात. त्याच मंडळींच्या पदवीधर चिरंजीवांचे अर्ज माझ्या हातचे असतात, याचा उल्लेख करण्यास ती विसरतात. असो. एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा अखेरचा टप्पा माझ्या मसुद्यावाचून पुरा झाला नसता, असे मी येथे नमूद करतो तेव्हा त्यात बढाई नाही. ती वस्तुस्थिती आहे.

बाई प्रथम आल्या त्या भर पावसाळ्यात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी. लोणावळ्याहून कोणी काठी टेकत आले की ते बंगलेवाले असते आणि त्याचा शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद असतो, हा माझा अनुभव. म्हणून मी त्यांना बाकड्यावर बसवून विचारले, "सातबारा आणलाय का?"

"मला जमीन नको," बाई म्हणाल्या. "मला रक्त हवंय."

माझ्या कारकिर्दीत अशी मागणी प्रथमच आली होती. तरीही चेहऱ्यावरची रेष न हलवता मी कागद पुढे ओढला, कारण अर्जनवीसाने पक्षकारापुढे आश्चर्य दाखवले की पक्षकाराचा धीर सुटतो.

बाईंचे सारे आयुष्य व्हिटॅमिन डीच्या अभ्यासात गेले होते. अंगावर ऊन पडले की शरीर ते आपले आपण तयार करते आणि त्यावर हाडे टिकतात, एवढे त्यांनी मला सोप्या भाषेत सांगितले. तरुणपणी त्या एका बंद खोलीत अंधारात उंदीर पाळून त्यांची हाडे तपासत असत. त्यांचे गुरुजी त्यांना हसत. या देशात ऊन फुकट मिळते, त्याच्या टंचाईवर संशोधन करणे म्हणजे समुद्रकिनारी मिठाचा दुष्काळ शोधण्यासारखे आहे, असे ते सर्वांदेखत म्हणत. बाईंनी उंदीर सोडले आणि माणसे धरली. ज्यांच्या घरात ऊन शिरत नाही अशी, ज्यांना उंबऱ्याबाहेर येऊ दिले जात नाही अशी, आणि दिवसभर यंत्रासमोर बसणारी. भर उन्हाच्या देशात लोकांच्या अंगात उन्हाचा पत्ता नाही, हे त्यांनी इतकी वर्षे आणि इतक्या चिकाटीने सांगितले की शेवटी जगाने ते मान्य केले.

जगाने मान्य केले, हीच पुढे आपत्ती ठरली. आमच्याकडचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे गुडघा घेऊन जा, केस गळतात म्हणून जा, सुनेशी पटत नाही म्हणून जा, ते डी तपासायला लावतात आणि आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगतात. मीही घेतो. चिक्कीच्या दुकानांनी अजून डीची चिक्की काढलेली नाही, हा त्यांचा संयम म्हणायचा. हे मी बाईंना ऐकवले, तेव्हा त्यांनी काठीवर हनुवटी टेकली.

"मी प्रश्न विचारला होता," त्या म्हणाल्या. "लोकांनी पुडी काढली."

आता त्यांचा एकच प्रश्न उरला होता, आणि तो आमच्या मावळातच सुटण्यासारखा होता. आमच्याकडे बायका उन्हाळाभर डोक्यावर सूर्य घेऊन राबतात. मग पाऊस लागतो आणि दसऱ्याच्या आसपासपर्यंत सूर्य हा केवळ पंचांगात उरतो. उन्हाळ्यात अंगात साठवलेले ऊन या अंधाऱ्या महिन्यांतून किती पुरते, हे बाईंना जाणून घ्यायचे होते. पवनानगरच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. तिथल्या बायकांचे रक्त त्यांनी वैशाखात घेऊन ठेवले होते. त्याच बायकांचे रक्त आता पावसाच्या अखेरीस, आभाळ उघडण्यापूर्वी, पुन्हा घ्यायचे होते. ते मिळाले नाही तर वैशाखातल्या बाटल्या फुकट. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून करू म्हणावे, तर बाईंचे कमरेचे हाड एकदा मोडून जोडलेले, आणि पुढचे वर्ष आपले आहे असे त्या गृहीत धरत नव्हत्या. हे त्यांनी अगदी कोरडेपणाने सांगितले, जणू दुसऱ्याच कोणाचे हाड.

अडचण संमतीपत्राची होती. वैशाखातला कागद छापील होता आणि तो कोणीच वाचला नव्हता. दुसऱ्या खेपेस त्यांच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीने कळवले की लोकांना समजेल अशा मराठीत नवा कागद करा आणि तो वाचून दाखवा. त्या गावचे लोक कोणाचा कागद मानतात, अशी चौकशी बाईंनी केली, आणि साहजिकच त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले.

मी मसुदा केला तो आजही निर्दोष आहे असे माझे मत आहे. लिहून घेणार बाई, लिहून देणार गावच्या स्त्रिया. कारणे रक्तदेणे करारनामा लिहून देतो ऐसा जे की, सदर रक्त आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता आपल्या ताब्यात देत असून त्यावर आमचा अथवा आमच्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध अगर तक्रार राहणार नाही. पुढे परिशिष्ट. बाईंनी वाचून विचारले, हे त्यांना समजेल का. मी म्हणालो, या तालुक्यात याच्याइतके समजलेले दुसरे मराठी नाही.

आणि ते समजले. तीच तर पंचाईत झाली.

देवळात बायका जमल्या होत्या. मी उभा राहून, योग्य त्या ठिकाणी थांबत, कागद वाचला. 'ताब्यात' या शब्दापाशी कुजबुज सुरू झाली आणि 'वारसांचा' म्हणताच सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. गावची सगळ्यांत थोरली बाई, जिला सगळे मावशी म्हणत, ती खांबाला टेकून बसली होती. डोंगराकडेच्या जमिनी बंगल्यांसाठी गेल्या तेव्हा अशाच एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता, आणि आता त्या जमिनीवर पोहण्याचा तलाव होता.

"वकीलसायेब," मावशी म्हणाली. मी वकील नाही हे तिला पक्के ठाऊक होते. "ह्योच कागुद वाचला व्हता तवा रान गेलं. आता रगात जातंय. फुडल्या सालाला काय, हाडं नेता व्हय?"

बायका हसल्या, पदर सावरून उठल्या आणि भाताची खाचरे पाहायला निघून गेल्या. रक्त देत न्हाई, एवढेच जाताना सांगितले.  परतीच्या जीपमध्ये मी बाईंना कागद कायदेशीरदृष्ट्या कसा भक्कम आहे हे समजावत होतो. धरणाकाठच्या रस्त्यावर धुके इतके होते की ड्रायव्हर डोके बाहेर काढून गाडी चालवत होता. तोही ऐकत होता, आणि मध्येच म्हणाला की भाऊ, जरा गप बसा, समोरून म्हस येतीया का बघू द्या.

दोन्ही बाजूंचे हट्ट कागदावर आणणे हाच माझा व्यवसाय. मी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पवनानगरला मावशीला गाठले. ती सुकी मासळी घेत होती. रक्ताला तिची हरकत नव्हती. वैशाखात दिलेच होते. हरकत होती ती एकाच बाजूने लिहून देण्याला. या गावाने आजवर जे लिहिले ते 'लिहून देणार' म्हणून लिहिले. आम्हाला कोणी काही लिहून दिले असेल तर दाखवा, असे तिने भर बाजारात मला विचारले, आणि कित्येक वर्षांच्या माझ्या दप्तरात मला तसा एक कागद आठवेना. तेव्हा ठरले ते असे. बाईंनीही अंगठा द्यायचा, सही नाही. बाईंनी आधी आपले रक्त काढून दाखवायचे. गावच्या रक्तातून निघेल तो निकाल देवळात मोठ्याने सांगायचा. आणि रक्त मागायची मुदत आभाळ उघडेपर्यंतच. ऊन पडले की बाईंचा हक्क संपला. ही शेवटची अट माझी सूचना होती. मुदतीशिवाय कागद म्हणजे दोरीशिवाय बादली.

बाईंनी सगळे मान्य केले, आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी शाईत अंगठा बुडवून देवळात सर्वांपुढे टेकवला. मग सोबत आणलेल्या परिचारिकेपुढे हात केला. शीर सापडेना. मावशी सरकत पुढे आली आणि बाईंच्या हाताकडे निरखून पाहू लागली.

"तुमचं किती भरतंय मग?" तिने विचारले. "तुमच्यात तर लय आसंल."

"माझं कमी आहे," बाई म्हणाल्या. "मागे तपासलं होतं. तुमच्या वैशाखातल्या कोणाहीपेक्षा कमी."

"उनाचा आभ्यास करताय न्हवं?"

"प्रयोगशाळेला खिडकी नव्हती."

यावर देवळात जे हसू फुटले त्याला मर्यादा राहिली नाही. एक तरुण सून तर हसता हसता बाईंच्या अंगावरच कलंडली. मीही हसलो, मात्र माझ्या प्रतिष्ठेला साजेल एवढेच. त्या हसण्यातच बाईंची शीर सापडली आणि सगळ्यांचे अंगठे उमटले. रक्त काढण्याचा दिवस ठरला, आणि मी करारनाम्यास आरपार दोरा ओवून त्यावर लाख लावली.

ठरलेल्या दिवशी दरड आली. रस्ता बंद झाला, मग मोकळा झाला, मग बर्फाची पेटी घेऊन येणारी गाडी तिसरीकडेच अडकली. बाई लोणावळ्यात बसून आभाळ पाहत होत्या. त्यांचा मला रोज फोन येई आणि त्यात फक्त ढगांची चौकशी असे. जन्मभर उन्हाचे गुण गाणारी ही बाई ऊन पडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. मी त्यांना धीर देण्यासाठी सांगत असे की आमच्याकडचा पाऊस सहज सोडून जाणारा नाही, तो घरजावई आहे.

शेवटी गावाला नवा दिवस कळवला आणि त्या सकाळी बाई, परिचारिका, पेटी आणि मी असे सगळे एकदाचे जीपमध्ये बसलो, तर पवनानगरच्या पुढे ऊन लागले. साधे ऊन नव्हे. चार महिन्यांची कसर काढणारे, धरणाच्या पाण्यावरून थेट डोळ्यांत घुसणारे. बाईंनी डोळ्यांवर हात धरला. मला मात्र बोलणे भाग होते. मी म्हणालो, कराराची मुदत या क्षणी संपली आहे, आता रक्त मागणे हा कराराचा भंग होईल. बाई म्हणाल्या, एका सकाळच्या उन्हाने शास्त्राला काही फरक पडत नाही. मी म्हणालो, शास्त्राला नसेल, कागदाला पडतो.

गावात शिरलो तर अंगणे रिकामी. पावसानंतरचे पहिले ऊन पडले की मावळात एकही कुंपण उघडे राहत नाही. कुबट झालेल्या गोधड्या, वाकळा, पोराबाळांची अंथरुणे, भिजलेले दाणे, सगळे बाहेर येते. इथे एकाही कुंपणावर चिंधी नव्हती. पुरुष ओट्यांवर बसून होते. एकाला विचारले तर त्याने देवळाकडे मान हलवली. स्वतः चहा करून प्यावा लागल्याचा राग त्याच्या मानेतसुद्धा दिसत होता.

देवळाचे दार लोटलेले होते आणि खिडकीला आतून ताडपत्री लावलेली होती. आत अंधारात सगळ्या बायका बसल्या होत्या. आभाळाची लक्षणे बघून, उजाडण्याच्या आधी येऊन बसल्या होत्या, अंगाला ऊन लागू नये म्हणून. भिंतीशी गोधड्यांचे ढीग होते. रक्त दिले की थेट सुकत घालायला. कुबट वास नुसता भरून राहिला होता.

बाई दारात उभ्या राहिल्या.  "अहो, एवढ्यानं काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर आला असतात तरी चाललं असतं."

"कागदात तसं न्हाई," अंधारातून मावशी म्हणाली. "ऊन पडस्तवर म्हणून अंगटा दिलाय. आमच्यावर आजून पडल्यालं न्हाई. या आत, दार लावा."

बाई आत गेल्या आणि मी दार लावले. या अर्थाने मुदत पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते, हे मी व्यावसायिक आदराने नोंदवतो. टॉर्चच्या उजेडात परिचारिकेने एकेकीचे रक्त घेतले. जिचे झाले ती कोपरात कापूस दाबून, गोधडी खांद्यावर टाकून बाहेर पळे. दार किलकिले होई, उन्हाची एक चीर आत येई, आणि उरलेल्या बायका पाय जवळ घेत. बाई पेटीशी बसून एकेक बाटली स्वतः उभी करत होत्या. दुपारच्या आत गावातली सगळी कुंपणे भरली.

त्या बाटल्यांतून शेवटी काय निघाले हे मला विचारू नये. बाईंनी निकाल देवळात मोठ्याने सांगितला, तेव्हा मी कचेरीत एका हद्दीच्या वादात अडकलो होतो. मला माझ्या बाजूचे तेवढे ठाऊक आहे. सर्वांत शेवटी मावशी रक्त देऊन बाहेर आली. मी शिरस्त्याप्रमाणे करारनाम्याची मागची बाजू तिच्यापुढे धरली. करार उभयपक्षी पुरा झाला, तक्रार उरली नाही, असा शेरा लिहून त्यावर अंगठा घेतल्याखेरीज कागद मिटवायचा नसतो. तिच्या कवेत एक भली मोठी ओलसर वाकळ होती.

"त्ये ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. "ह्याचं दुसरं टोक धरा आदी."

शाईची डबी मी खिशात टाकली आणि टोक धरले. वाकळ इतकी जड होती की दोघांनी ओढूनही ती कुंपणावर नीट पडेना. मावशी मला डावीकडे घ्या, वर घ्या, आसं काय बाईवानी धरताय असे सांगत होती. पलीकडे ओट्यावर बाईंना कोणीतरी उन्हाकडे पाठ करून बसवले होते. तो शेरा राहिला तो राहिलाच. कायद्याच्या दृष्टीने सदर करार आजतागायत अपुरा आहे.