पाचवी खोबण

माझे सासरे सुतार. जन्मभर लोकांची कपाटं केली आणि आमच्या घरात साधी सुई सापडायची मारामार; दिव्याखाली अंधार. काम सुटल्यावर एकदाची त्यांनी किरकोळ वस्तूंसाठी लाकडी पेटी केली. आत प्रत्येक वस्तूच्या मापाची खोबण कोरलेली: कात्रीला कात्रीची, चावीला चावीची. वरच्या ओळीत दोऱ्याची रिळं, खालच्या ओळीत घड्याळाचे चपटे गोल सेल. "खोबण रिकामी दिसली की वस्तू हरवली समजायचं," असं ते सगळ्यांना बजावायचे.

लेक रांगायला लागली तशी पेटी मी वरच्या फळीवर ठेवली. एका दुपारी बटण लावायला खाली काढली, तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून आत धावले. येऊन बघते तर लेक पेटीत हात घालून बसलेली. तोंड हलत होतं. सेलची पाचवी खोबण रिकामी. सेल बदलायचं काम सासऱ्यांचं, त्यामुळे त्या ओळीकडे मी आजवर कधी धड बघितलंच नव्हतं.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. बिस्किटाचा लगदा निघाला. असा सेल घशात अडकला तर आतून जाळतो, हे मी ऐकून होते.

"बाबा, पाचवा सेल होता ना?"

पेटी बघून ते पांढरे फटक पडले. "खोबण आहे म्हणजे असणारच. टॅक्सी बोलाव."

टॅक्सीत मी लेकीच्या नाकाशी हात धरून बसले होते. सासरे काहीतरी पुटपुटले, मग ओठ घट्ट मिटून बसले. सिग्नल लागला की मात्र ड्रायव्हरवर खेकसायचे. एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस!

एक्स-रे झाला. "काही नाही. घसा, पोट, सगळं मोकळं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी तिथेच रडायला लागले.

बाहेरच्या बाकावर सासरे हळूच म्हणाले, "सेल चारच होते. वर रिळं पाच, खाली खोबणी चार. ओळ लंगडी दिसत होती, म्हणून एक जास्तीची कोरली."

"हे आत्ता आठवलं?"

"टॅक्सीत बसल्या बसल्याच."

मी भडकले. "मग बोलला का नाहीत? इथे माझा जीव जात होता!"

"बोललो असतो तर तू टॅक्सी वळवली असतीस." त्यांनी लेकीला माझ्याकडून घेतलं. "आणि मला चुकीचं आठवत असतं तर?"

घरी येताच त्यांनी लाकडाचा गोल तुकडा ठोकून ती खोबण बुजवली. ओळ लंगडी दिसते. दिसू दे.