टेबलाखालची कण्हेर

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी मुलांना पानाफुलांचे मासे, मोर, फुलपाखरं करायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे पानमावशी म्हणत. काळजी त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. कात्र्या बोथट, खळ घरी शिजवलेली, प्रत्येक पान स्वतः पुसून घेतलेलं. "अगं, मोर करायला शिकवतेस की पोरांना लढाईवर पाठवतेस?" नवरा चिडवायचा.

त्या शनिवारी मात्र त्यांनी फुलं घरून आणायला सांगितली होती. मुलांनी पिशव्या भरभरून फुलं आणली, एकच गोंधळ उडाला. मुलं गेल्यावर केर काढताना टेबलाखाली एक डहाळी सापडली. लांबट चिवट पानं, गुलाबी फुलं. कण्हेर! मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. आणि एक पान दातांनी कुरतडलेलं.

तिथे चिमणी नावाची पोर बसली होती. वर्गातली सगळ्यात लहान, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. तिच्या घरी फोन लावला, कोणी उचलेना. डहाळी पिशवीत कोंबून, खोली उघडी टाकून त्या धावत सुटल्या. रोजचीच गल्ली, पण आज संपता संपेना.

दार आजोबांनी डोळे चोळत उघडलं. "झोपलीये हो ती. आल्या आल्या उलटी झाली. म्हटलं, ऊन लागलं असेल."

"उठवा तिला! आधी दवाखाना गाठू!"

डॉक्टरीणबाईंनी डहाळी पाहिली आणि चिमणीला लगेच दाखल करून घेतलं. इवल्याशा छातीला तारा लागल्या. पडद्यावरची हिरवी रेघ जरा मंदावली, की पानमावशी डॉक्टरीणबाईंकडे बघायच्या.

तेवढ्यात आजोबांचा निरोप मिळून चिमणीची आई कामावरून धापा टाकत आली. "तुमच्या भरवशावर पाठवली होती ना मी?"

"हो. मी बघायला हवं होतं," पानमावशी कशाबशा म्हणाल्या.

आईची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या डहाळीकडे गेली. ती बाकावर बसली. "ही तर आमच्या फाटकाजवळची. सकाळी मीच तोडून दिली हो. छान दिसते म्हणून..."

दोष दोघींत वाटला गेला, पण पानमावशींच्या मनावरचं ओझं काही हललं नाही. आईचा थंडगार हात हातात घेऊन त्या नुसत्या बसून राहिल्या.

"पान कडू लागलं, म्हणून बहुतेक थुंकून टाकलं असणार," डॉक्टरीणबाई संध्याकाळी म्हणाल्या. "नशीब थोर. तरी आजची रात्र लक्ष ठेवू."

सकाळी चिमणी घरी गेली. पानमावशींनी वर्ग बंद करायचं ठरवलं होतं, पण ते आईनेच ऐकून घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी चिमणीची आई दारातच ताट घेऊन उभी राहिली. एकेका मुलाची फुलं त्यात ओतून विचारायची, "हे चालेल का हो, मावशी?" पानमावशी नीट निरखून मान हलवायच्या. खोलीत पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं. त्यांची नजर मात्र मुलांच्या हातांवर कमी आणि तोंडांवरच जास्त होती.