जात नाही, तर शून्य द्या

सहाशे बाराला सहाने भाग, असं मी सारिकाला फळ्याकडे बोलावून सांगितलं. तिनं सुरेख अक्षरात भागाकार मांडला आणि खाली उत्तर लिहिलं, बारा. वर्ग दहावीचा. आता पोरं फिदीफिदी हसणार म्हणून मी टेबलावर आपटायला डस्टर उचललं. कुणीच हसलं नाही.

"बरोबर आहे का रे?" मी विचारलं.

"होऽऽ!" अख्खा वर्ग एका सुरात.

डस्टर माझ्या हातात तसंच राहिलं. मी गणिताची बाई. आयुष्य फळ्यापुढं गेलं, पण असा हादरा मला कधी बसला नव्हता. दहावीच्या वर्गात भागाकारातलं शून्य गायब, आणि एकालाही त्याचं काही वाटू नये?

कराडहून बदली होऊन मी कडेगाव तालुक्यातल्या या हायस्कूलला नुकतीच आले होते. हेडमास्तरांनी आल्या आल्या सांगून ठेवलं होतं, "मॅडम, पोरं हुशार आहेत. फक्त ती सारिका निकाल खाली ओढणार. तिचा सतरा नंबर भरून टाकू."

सतरा नंबर म्हणजे शाळा सोडून बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म. पोर नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. शाळेच्या दृष्टीनं सोय. पण पोरगी घरी बसते. आणि आमच्या भागात घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला वेळ लागत नाही. सारिकाला तर कराडला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"अगं, पाचवीपासून गणितं केलीस ना?"

"गटात केली, मॅडम."

"गटात तू काय करायचीस?"

ती बुटाकडं बघत म्हणाली, "मी बॉर्डर काढायची."

"काय?"

"तक्त्याला. अनिकेत सोडवायचा, बाकीचे उतरवायचे. माझं अक्षर चांगलं हाय म्हणून मला बॉर्डर आन् रंग. दरवर्षी तसंच व्हायचं."

मी भिंतीकडं पाहिलं. अपूर्णांकांचा तक्ता, भागाकाराचा तक्ता, काय ती वेलबुट्टी! शाळा बघायला येणारे पाहुणे याच तक्त्यांचे फोटो काढून न्यायचे. अरे देवा, मी मनात म्हटलं, भागाकार या पोरीनं पाच वर्षं नुसता रंगवला. गटकार्याशी माझं वाकडं नाही. पण ज्याला मुळात येतंय त्यानं गटात बसावं. येत नाही त्याला आधी शिकवावं लागतं, नाहीतर तो रंगाची पेटी सांभाळतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बोलावणं आलं. सारिकाचे वडील फौजी, रजेवर आलेले. फॉर्म पुढ्यात, पेन हातात.

"आवं मॅडम, सर म्हनत्यात पोरीचं डोकं गणितात चालत न्हाई. तुमी काय म्हनताय?"

"मी म्हणते, सही उद्या करा. आधी दोघंही माझ्या तासाला चला."

हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण फौजीपुढं त्यांना नाही म्हणता येईना. शेजारच्या प्राथमिक शाळेतून मी पाट्या मागवल्या होत्या. प्रत्येकाला एक दिली. बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही, एकदम वर करायचं. फळ्यावर लिहिलं, सहाशे बारा भागिले सहा.

"पाट्या वर!"

बारा. बारा. बारा. मागच्या बाकावर एक बावीस, कुठून आला देव जाणे. हेडमास्तर ओळीओळीनं फिरत गेले आणि अनिकेतपाशी थबकले. अनिकेत म्हणजे पाचवीपासून पहिला नंबर. त्याच्याही पाटीवर बारा!

"अहो, हा तर आमचा टॉपर!"

"गाईड पाठ आहे त्याचं," मी म्हटलं. "काय रे, सहाशे बारा मोळ्या ऊस सहा गाड्यांत सारखा भरला, तर एका गाडीत बाराच मोळ्या? मग बाकीचा ऊस काय मी खाल्ला?"

तेव्हा कुठं वर्ग हसला. हेडमास्तरांनी अनिकेतची पाटी हातात घेऊन पुन्हा वाचली. शेवटी फौजीच बोलले, "सर, मग सतरा नंबर समद्यांचाच भरायचा व्हय?"

फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला.

पुढची रीत साधी, जुनी. आधी मी सोडवते, प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत. मग सगळे मिळून माझ्याबरोबर. मग एकेकटं, पाटीवर. पाटी चुकली की पायरी पुन्हा. सहात सहा एकदा. एक खाली घेतला. एकात सहा जातात? जात नाहीत. जात नाही, तर शून्य द्या, मग पुढचा अंक खाली घ्या. हे मी इतकं म्हणून घेतलं, की पोरं पाण्याच्या टाकीपाशी माझी नक्कल करायची. करेनात का.

"मॅडम, हे जरा जुनाट वाटतं," हेडमास्तर एकदा म्हणाले. "मुलांनी स्वतः शोधायला हवं."

"सर, शोधू देत की. पण पोहायला येत नसलेल्याला कृष्णेत ढकलून, काठ शोध म्हणू नका."

ते आपल्या इंग्रजीच्या तासाला निघून गेले. आम्ही भागाकारावरून अपूर्णांकावर आलो, तिथून समीकरणांवर. सारिका अडायची, रडायची, पण पाटी वर करायची. अनिकेतला जास्त जड गेलं. पहिल्या नंबरवाल्याला चुकायची सवय नसते.

निकाल लागला. एक्केचाळीसपैकी चाळीस पास. सारिका डिप्लोमाला लागण्याइतकी चांगली पास. जो एक गेला, तो इंग्रजीत गेला. इंग्रजी शिकवायचे हेडमास्तरच.

पोरं गुणपत्रिका न्यायला आली, तेव्हा हेडमास्तरांनी रंगीत खडू सारिकाच्याच हातात दिले. "अक्षर तुझं छान. बोर्डावर लिही, निकाल अठ्ठ्याण्णव टक्के."

तिनं खडू घेतला. पण बॉर्डर काढायच्या आधी बोर्डाच्या कोपऱ्यात तिनं भागाकार मांडला. हळूहळू, ओठ हलवत. सत्त्याण्णव पॉइंट पाच, सहा. खाली उरले चार, त्याचे झाले चाळीस.

"चाळीसात एक्केचाळीस जात न्हाईत," ती पुटपुटली आणि शून्य दिलं. मग वळून म्हणाली, "सर, अठ्ठ्याण्णव येत न्हाई. सत्त्याण्णव पॉइंट छप्पन्न येतंय. तेच लिहू?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते, कारण डोळे भरून आले होते.

"लिही बाई, तेच लिही," ते म्हणाले.

तेव्हापासून "समजलं का?" असं मी वर्गाला विचारत नाही. पाट्या वर करायला सांगते. "होऽऽ" म्हणायला भागाकार यावा लागत नाही.