बोलायला एक हात

माझ्या दादाला ऐकू येत नाही, आणि वहिनीलाही येत नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मध्येच कळलं की लोक चेहरा पाडतात आणि पुढचं सगळं पडलेल्या चेहऱ्यानेच ऐकतात. त्याची काही गरज नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी माणसं हीच दोघं. हातांनी बोलतात, एवढंच.

हातांच्या भाषेत माणसाचं लांबलचक नाव कोणी घेत बसत नाही. ज्याची जी खूण, तेच त्याचं नाव. दादाचं नाव म्हणजे डोक्याजवळ बोट गोल गोल फिरवायचं: कुरळ्या. ते केस कधीच गेले, आता तिथे छान तुकतुकीत टक्कल आहे, पण नाव काही बदललेलं नाही. वहिनीला खळी पडते, म्हणून तिचं नाव गालात बोट रुतवून. आणि माझं नाव म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोटाने टकटक. मी चार वर्षांची असताना दादाने हे बारसं केलं. ते नाव कसं चुकीचं आहे हे पटवायला जाते तेव्हा मी नेमकी चिडलेली असते.

दोघंही एकाच कारखान्यात कामाला. सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं काम. वहिनी मशीनवर खोळी शिवते, दादा त्या फोमवर ओढून, ताणून खाली पिना मारतो. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात पिना मारायचं यंत्र. म्हणजे दिवसभर दोघांचे मिळून चारही हात अडकलेले. आपण भांडी घासता घासता जगभराच्या चौकशा करतो, त्यात विशेष काही आहे असं आपल्याला वाटतही नाही. यांचे हात कामात गेले की बोलणं बंद. घरी आल्यावर पुन्हा चिरणं, शिजवणं, धुणं. साबणाच्या हाताने बोलता येतं, पण भिंतीवर फेस उडतो. तो उडालेला मी पुसलाय.

त्यामुळे त्यांची बोलायची जागा म्हणजे रस्ता. सकाळी कारखान्यात चालत जायचं, संध्याकाळी चालत यायचं, आणि सगळी वाट हात चालू. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. भांडणं त्याच रस्त्यावर झाली, समेटही तिथेच झाले, आणि माझ्याबद्दलची मतंही तिथेच तयार झाली. एकमेकांकडे बघत चालायचं आणि समोर खांब आला की ज्याला दिसेल त्याने दुसऱ्याची बाही ओढायची. एकदा दोघंही इतकी रंगात आली की दोघंही त्याच खांबावर गेली. वहिनीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, आणि ती हसत हसत मला सांगत होती की बोलणं तरी पूर्ण झालं.

मग कारखाना हलला. पुलापलीकडच्या नव्या शेडमध्ये गेला. तिथवर चालायचं तर निम्मी सकाळ रस्त्यातच संपली असती. बस होती, पण बसमध्ये एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्या हातात पिशवी, आणि मध्ये तिसऱ्याच कुणाचा तरी खांदा. वहिनी काही दिवस गेली बसने आणि एका संध्याकाळी पिशवी खाली आपटून म्हणाली, "ही बस नाही, कपाट आहे." तिने शेजारणीची जुनी सायकल मागून आणली. पुढे टोपली, ताठ बसायची, घंटीसुद्धा होती. आता दादाला सायकल घ्यायची होती. आणि आमच्यात सायकलीतलं कळतं कोणाला? मला.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगते. मग बाहेर पडल्यावर मला हलायचं असतं, आणि तेही जोरात. कित्येक वर्षं मी बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक चालवते. मेंढ्याच्या शिंगांसारखं असतं ना, ते ड्रॉप हँडल. सरळ हँडलवाल्यांकडे मी जरा दयेनेच बघते. त्यामुळे दादाला घेऊन दुकानात शिरले, तेव्हा माझं ठरलेलंच होतं. वहिनी मागून आली.

दुकानदार गृहस्थ सरळमार्गी होते. त्यांच्या गालावर ग्रीसचा एक डाग होता, आणि दादाने दारातच त्यांचं नाव ठेवून टाकलं: गालावर अंगठा ओढायचा. ते म्हणाले, "ताई, कामावर जायला-यायला सरळ हँडल बरं. समोरचं दिसतं, ब्रेक कायम बोटांखाली, गर्दीत वळवायला सोपी."

"आणि पुलावर समोरून वारा आला की?" मी म्हणाले. "छाती काढून उभं राहायचं त्याच्यापुढे? काका, यात हात ठेवायला तीन जागा मिळतात. वर ठेवा, ब्रेकच्या मुठींवर ठेवा, खाली धरा. मनगट अवघडत नाही. माझ्या भावाचं सगळं काम मनगटाचं आहे."

"मनगटाचं खरंय. पण मान?"

"मानेला काय धाड भरलीये!"

आम्ही दोघं असे हमरीतुमरीवर आलो असताना दादा एका निळ्या सायकलीपाशी उभा होता. नवीन कापड आलं की त्यावर तो तळहात फिरवतो, तसा तिच्या दांड्यावर फिरवत होता. त्याने मला खूण केली, "तुझ्यासारखी?"

"माझ्यापेक्षा भारी."

संपलं. तिथेच ती सायकल घरी आली म्हणायची. वहिनी म्हणाली, "बसून दाखव." तो बसला, पुढे वाकला, हात खाली घातले. वहिनीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. दुकानदार म्हणाले, "पंधरा दिवस चालवून बघा. नाही जमली तर बदलून देतो. सायकल चपलेसारखी असते ताई, चालल्याशिवाय चावते की नाही ते कळत नाही."

दादा खूश झाला म्हणजे किती! आयुष्यभर चालत गेलेला माणूस. आता तो बसला मागे टाकत होता, कॉलेजच्या पोरांना मागे टाकत होता, आणि कोणाकोणाला टाकलं ते रोज मला व्हिडिओ कॉलवर हातवारे करून सांगत होता. लोक शिंगं मोडून वासरांत शिरतात, याने शिंगं विकत आणली होती. मीही मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. घर शांत होतं. तुम्ही म्हणाल, ते तर नेहमीच शांत असणार. तसं नाही. त्या घरात एरवी डोळ्यांना गलका असतो. त्या दिवशी दादा टेबलाशी टायरचं पत्रक वाचत बसला होता आणि वहिनी ताटल्या पुसत होती, एकेक, फार नीट.

मी तिला विचारलं, "काय म्हणते सायकल?"

तिने फडकं वाळत घातलं, हात कोरडे केले, आणि मग बोलली. "छान आहे. रोज दिसते मला. मागून."

"म्हणजे?"

"आठवडा झाला, मला याची पाठ दिसते. पाठ चांगली आहे. पण ती बोलत नाही."

दादाने पत्रक खाली ठेवलं. "घरी बोलू की."

"कधी? तू पोचतोस तेव्हा मी पुलावर असते. मी पोचते तेव्हा चूल माझी वाट बघत असते."

"मग मी हळू चालवतो."

"चालवलीस की परवा हळू. मी शेजारून काहीतरी विचारलं. तू मान वर केलीस, एक हात सोडलास, आणि गेलास कुंपणात."

दादाने निमूटपणे कोपर पुढे करून मला खरचटलेलं दाखवलं. खाली वाकलेल्या माणसाला समोरचं चाक दिसतं आणि थोडा रस्ता. शेजारच्याच्या हाताकडे बघायचं तर मान पार मुरगाळावी लागते. उत्तर द्यायला एक हात काढला की सगळा भार दुसऱ्यावर, आणि ती हलकी सायकल लगेच तिकडे वळते. वारा, वेग, मनगट, मान, सगळ्याची चर्चा आम्ही दुकानात केली होती. ही दोघं बोलणार कशी, हे एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. ज्याला बोलायचं होतं तोही निळ्या रंगात बुडाला होता.

"काय विचारलं होतंस?" मी वहिनीला म्हणाले.

तिने आठवून पाहिलं. "लक्षात नाही आता. असंच काहीतरी." मग म्हणाली, "असंच काहीतरी बोलायलाच तर माणूस लागतं ना."

मला रडू यायला लागलं. आणि मला रडू आलं की चेहरा रागावल्यासारखा होतो, म्हणून दादाने हात जोडून "बदलू, बदलू" अशी खूण केली. त्याला वाटलं, मी त्याच्यावर भडकले.

संध्याकाळी तिघंही दुकानात. वहिनीने स्वतःची टोपलीवाली सायकल बरोबर घेतली होती. मी म्हणाले, "काका, एक हात सोडून चालवता येईल अशी पाहिजे."

दुकानदारांच्या कपाळावर आठ्या. "फोनवर बोलायला? तसल्या लोकांना मी सायकलच देत नाही."

"बायकोशी बोलायला," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी डोकं खाजवलं. "घरी नाही का बोलता येत?" असंही विचारून झालं, त्यावर माझा राग नाकापर्यंत आला होता, पण मग त्यांच्या डोक्यात एकदम कामाचा प्रश्न आला. "कुठला हात बोलतो?"

"उजवा."

"म्हणजे थांबायला डावा एकटाच." त्यांनी एक सायकल पुढे ओढली, डावा ब्रेक दाबला आणि कुठलं चाक अडतं ते वाकून पाहिलं. "मागचं. मग ठीक. एकट्या पुढच्या ब्रेकवर असते, तर बोलता बोलता हँडलवरून पुढे गेले असते तुमचे दादा."

ती सायकल निळीचीच बहीण होती, फक्त हँडल सरळ, आडव्या काठीसारखं. निळ्या रंगातली संपली होती. ही पिवळी होती.

"केळं," दादा म्हणाला.

"लांबून दिसेल," वहिनी म्हणाली.

दुकानामागच्या अंगणात जुन्या टायरांची चळत होती, तिच्याभोवती परीक्षा झाली. दादा पिवळीवर ताठ बसला, वहिनी शेजारी तिच्या टोपलीवालीवर. दोन फेऱ्या नुसत्याच झाल्या. मग दुकानदार ओरडले, "अहो, बोला की काहीतरी!" आणि लगेच जीभ चावून त्यांनी हाताने चोचीसारखी खूण केली. वहिनीला हसू आलं, खळी पडली, आणि मग तिच्या हाताचा जो पट्टा सुटला तो तीन फेऱ्या थांबेना. दादा तिच्याकडे बघत होता, समोर बघत होता, परत तिच्याकडे, आणि उजवा हात उचलून उत्तरं देत होता. दोन हातांचे शब्द एका हातात कोंबावे लागत होते, तरी सायकल सरळ चालली होती. माझा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणतायत हो?" दुकानदारांनी मला हळूच विचारलं.

"घरातलं आहे, काका."

जाण्यापूर्वी दादाने निळी बाहेर काढली. कोपऱ्यापर्यंत गेला, खाली वाकून, जीव तोडून, आणि तसाच परत आला. तिच्या दांड्यावर एकदा हात फिरवला आणि स्वतःच ती जागेवर लावली. त्याला वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. काही गोष्टी आवडतात आणि तरी परत ठेवाव्या लागतात.

दुकानदारांनी हँडलच्या उजव्या टोकाला एक गोल आरसा बसवून दिला. "मागून गाडी आली तर ऐकू येणार नाही ना, निदान दिसू दे. वळलेल्या हँडलला आरसा लावला तर पार गुडघ्यापाशी जातो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी ऐकून घेतलं.

काही महिन्यांनी मला कामासाठी पुलापलीकडे जायचं होतं. सकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर मला ती दोघं पुढे दिसली. पिवळं खरंच लांबून दिसतं. शेजारी शेजारी चालली होती, वहिनीचा हात हवेत, मग दादाचा, मग दोन्ही एकदम, म्हणजे काहीतरी वाद चालला असणार. मी मागून सावकाश येत राहिले, खाली न वाकता.

पुलावर सायकलींची पट्टी अरुंद आहे, एकामागून एक जावं लागतं. दादा पुढे झाला, वहिनी मागे. मला वाटलं, आता पूल संपेपर्यंत गप्प. पण वहिनीचा हात चालूच होता. कोणाशी बोलतेय ही? समोर तर पुन्हा त्याची पाठच होती.

मग मला तो गोल आरसा दिसला. दादाची मान जराशी उजवीकडे कललेली होती, आणि टक्कल हलत होतं. हो, हो. बरं. हो.

पूल उतरल्यावर मी त्यांना गाठलं. सगळे थांबलो. मी दादाला विचारलं, "आणि तू उत्तर कसं देतोस?"

"नाही देत. पुढे असेल त्याचे दोन्ही हात हँडलवर. तिचा नियम आहे."

"मग तिला कर पुढे कधीतरी."

"तिच्या सायकलीला आरसा नाही. मी आणून देतो म्हटलं, तर नको म्हणते."

वहिनी दुसरीकडेच बघत होती, पण गालातली खळी लपत नव्हती.

"एवढं काय बोलत असते पुलावर?" मी विचारलं.

दादाने मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग उजवा हात हँडलवरून उचलला.

"असंच काहीतरी," तो म्हणाला.